जांभळीवरून पडलेला माणूस

गावच्या घरामागच्या जांभळीशी रुक्मिणीचं सव्वीस वर्षांचं वैर होतं. लग्न होऊन आली त्या पहिल्याच मे महिन्यात सासूने तिला परसात उभं करून झाड दाखवलं होतं, "ह्याच जांभळीवरसून पडलो तुझो घोव." तेव्हापासून रुक्मिणी त्या झाडाखालून गेली नव्हती. घरची माणसं टोपल्या भरभरून जांभळं उतरवायची, जिभा जांभळ्या करून हिंडायची, पण तिने एकही कधी तोंडात टाकलं नाही. जांभळीची फांदी ठिसूळ, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि पलटणीतला धडधाकट जवान रजेवर येऊन तिच्यावरच चढतो, ह्याचा राग नवऱ्यावर काढता येत नव्हता म्हणून तिने तो झाडावर काढला होता.

आणि त्या पडण्यात दुखावलेला पाय आता पुरता गेला होता. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या गेटवर तिच्या नवऱ्याने, चंद्रप्रकाशने, तेवीस वर्षं उभ्याने काढली. मागच्या दिवाळीत उभं राहवेना, तेव्हा त्याने नोकरी सोडली आणि खिडकीपाशी खुर्ची टाकून बसला. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून सांगितलं होतं की खुब्याचा सांधा झिजून गेला आहे, बदलावा लागेल, आणि असंच रेटलंत तर सहा महिन्यांत वॉकर आणि पुढे चाकाची खुर्ची. चंद्रप्रकाशने "बघू" म्हटलं. तेवीस वर्षं गेटवर आलेल्या प्रत्येकाला तो हेच म्हणत आला होता.

म्हणून त्या रविवारी दीप्तीने सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. बोलावलं म्हणजे काय, कोलंबी आईने सोलली, रस्सा आईने केला, दीप्तीने फक्त फोन केले. घाटकोपरहून तिची जानकीआत्या आणि आत्याचा मुलगा सर्वेश, दोघं अकरालाच हजर झाली. जानकी चंद्रप्रकाशहून दीड वर्षांनी मोठी. भाऊ जगात कुणाचं ऐकत असेल तर तिचं, आणि दीप्तीची सगळी मदार तिच्यावर होती.

जेवणं उरकली. दीप्तीने टेबल पुसलं आणि त्यावर फॉर्म ठेवला.

"बाबा, हा एक रकाना भरायचा राहिलाय. दुखापत कुठे, कधी आणि कशी झाली."

"लिही ना मग. झाडावरून पडलो."

"ते लिहिलं की वाट लागली. सैनिक कल्याण कार्यालयातले सुभेदार साहेब म्हणाले, रजेवर गावी झाडावरून पडलात तर फौजेचा काय संबंध, असंच विचारणार वरचे."

"बरोबरच विचारणार. नाहीच संबंध."

ह्या एका रकान्यावर सगळं अडलं होतं. फौजेत पंधरा वर्षं भरली असती तर पेन्शन आपोआप मिळाली असती आणि तिच्यासोबत माजी सैनिकांच्या दवाखान्याचं कार्डही. चंद्रप्रकाशने अकराव्याच वर्षी स्वतःहून नाव काढून घेतलं होतं. आता वाट एकच होती. खुब्याची दुखापत नोकरीतली आहे असं ठरलं, तर अपंगत्वाची पेन्शन, कार्ड आणि फौजी इस्पितळात ऑपरेशन. नाहीतर खिडकी आणि खुर्ची होतीच.

"मामा, सोड ना यार तो फॉर्म," सर्वेश म्हणाला. "मी बघतो सगळं. चांगल्यातल्या चांगल्या डॉक्टरला दाखवू. तू फक्त हो म्हण."

"भाच्याच्या जिवावर मामाने पाय बदलायचा?"

"भाचा कसला? लहानपणापासून शाळेत पालक म्हणून तूच येत होतास ना?"

रुक्मिणीला ते पटलं. ती लगेच सर्वेशच्या बाजूची झाली. "बरोबर बोलतोय तो. अहो, ह्यात कमीपणा कसला?"

"आई, तू पण ना," दीप्ती तडकली. "हक्काचं आहे ते सोडून भावाच्या गळ्यात घालायचं? अकरा वर्षं दिलीत बाबांनी. फुकट मागतोय का आपण?"

तेही रुक्मिणीला पटलं. तिची ही खोडच होती. जो शेवटी बोलेल त्याच्या बाजूला ती झुकायची, आणि घरात सगळ्यांना ते ठाऊक असल्याने जो तो शेवटी बोलायला बघायचा. तिने नणंदेकडे पाहिलं. जानकी ताटलीत लसूण घेऊन सोलत बसली होती. तिला कुणी लसूण सोलायला सांगितलं नव्हतं.

"वन्सं, तुम्ही तरी सांगा ह्यांना."

जानकीने मान हलवली, पण बोलली नाही. ही गप्प बसण्यातली बाई नव्हे. नवरा गेला तेव्हा पदरात नऊ महिन्यांचं पोर होतं. साकीनाक्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला उभी राहिली, सुपरवायझर झाली, शंभर बायकांना नुसत्या नजरेने गप्प करायची. आज ती स्वतःच मुकी झाली होती, आणि रुक्मिणीला ते बरं दिसेना.

दीप्तीने पर्समधून प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून घातलेली एक पिवळी चिठ्ठी काढली.

"मग हे काय आहे, बाबा? हिरव्या ट्रंकेत डिस्चार्ज बुक शोधताना सापडलं. गावच्या डॉक्टरांची चिठ्ठी. सत्त्याण्णव सालची."

चंद्रप्रकाशने हात पुढे केला. दीप्तीने चिठ्ठी दिली नाही.

"गुणाजीकाकांचं पार्थिव घेऊन तुम्ही गावी आलात, त्याच्या दुसऱ्या दिवशीची तारीख आहे. त्याच सकाळी तुम्ही झाडावरून पडलात ना? दहाव्याच्या मांडवाच्या आड फांदी येत होती, ती तोडायला चढलात. लहानपणापासून हेच ऐकत आले मी. आणि डॉक्टरांनी लिहिलंय, दुखापत अंदाजे पाच दिवसांची, सूज काळी पडलेली. सकाळी पडलेल्या माणसाची दुखापत दुपारपर्यंत पाच दिवसांची कशी होते?"

सर्वेशने बोटांवर मोजलं. मोजून झाल्यावर बोटं तशीच धरून ठेवली.

"पाच दिवस मागे म्हणजे चतुर्थी," तो म्हणाला. "म्हणजे बाबा गेले तो दिवस."

सर्वेशचे वडील गुणाजी हे चंद्रप्रकाशचे आधी मित्र आणि मग मेव्हणे. दोघं एकाच पलटणीत. गुणाजी गाडी चालवायचे. पोस्टवरून शहरात डाक आणायला गेले, परतताना धुक्यात गाडी दरीत गेली, गाडीत ते एकटेच होते, आणि चंद्रप्रकाशला ती खाली पडलेली दिसली. घरात हे इतक्यांदा सांगून झालं होतं की त्यात आता कुणाला प्रश्न पडत नव्हते.

"मामा," सर्वेशने हळूच विचारलं, "तू गाडीत होतास?"

चंद्रप्रकाश खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला गेला. कुठे जाणार होता कोण जाणे; दोन खोल्यांच्या घरात जाऊन जाऊन जाणार कुठे? पाय उचलेना, तो पुन्हा बसला.

"होता," जानकी म्हणाली. "गाडीत होता तो."

लसणाची पाकळी तिने ताटलीत ठेवली आणि हात पदराला पुसले. चंद्रप्रकाश तिच्याकडे बघतच राहिला.

"तुका कोणी सांगितल्यान?"

"तूच सांगितलंस. फोनवरसून."

मग ती मुलांकडे वळली. भावाशी बोलताना तिची बोली गावची व्हायची, मुलांशी मुंबईची. "त्या वर्षी दोघांनाही गणपतीची रजा मिळाली नव्हती. मी ह्याच्या बाबांना पत्र लिहिलं," तिने सर्वेशकडे बोट दाखवलं, "की चतुर्थीला दुपारी बाराला शेजारच्या रतन वाण्याच्या दुकानात फोन करा, तुम्हाला आरती ऐकवते. दुकान आपल्या घराला लागून. रतनने वायर लांब करून रिसीव्हर आमच्या खिडकीतून आत दिला. मी तो गणपतीसमोर धरून उभी राहिले. आरती संपली, सगळी गप्प झाली, तरी फोनमधून आवाज चालूच. आपला चंदर आरतीत सगळ्यांच्या पुढे पळतो, मग आपण पुढे आलोय हे कळलं की परत मागे येऊन शेवट दोनदा म्हणतो. माहीत आहे ना?"

माहीत नसायला काय झालं? दर वर्षी झांजवाले चंद्रप्रकाशच्या नावाने बोटं मोडत.

"म्हणजे तो शहरात ह्यांच्याबरोबर होता. आणि चार दिवसांनी पेटीबरोबर आला आणि सांगतो, मी पोस्टवर होतो. सलामी झाली तेव्हा हा सरळ उभा, पण हाताने फाटकाचा खांब असा धरलेला की बोटं पांढरी पडलेली. दुसऱ्या दिवशी म्हणे झाडावरून पडला." ती पुन्हा भावाकडे वळली. "अरे, जल्मात कधी झाडार चढलंस तू? पेरू काढूक माका वर धाडी आणि स्वतः खाली सदरो पसरून उभो ऱ्हवी. दोन हात उंच गेलंस तर तुका चक्कर येता. आवशीक पटला ता झाड, गावाक पटला. माका कसा पटतला?"

रुक्मिणीने सव्वीस वर्षं संसार केला, ह्या पायाला रोज तेल चोळलं, आणि आपल्या नवऱ्याला उंचीची भीती वाटते हे तिला आज कळत होतं. तिसऱ्या मजल्यावर राहून तो गॅलरीत कपडे वाळत घालायला कधी येत नाही, ह्याला ती आळस म्हणत आली होती.

"मग इतकी वर्षं बोललीस का नाहीस?" चंद्रप्रकाशने विचारलं.

"तू लपवतंस म्हणजे काय तरी कारण असतला, म्हटलंय. तू बोलाची वाट बघलंय."

"आणि मी तुला कळू नये म्हणून गप्प बसलो."

"शाबास," रुक्मिणी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि रागही आला होता, आणि दोन्ही एकदम आल्यावर तिला काय करावं ते सुचेना, म्हणून तिने पाण्याचा तांब्या आणून नवऱ्यापुढे आदळला. "आता प्या आणि बोला."

तो पाणी प्यायला. मग बोलला, टेबलावरच्या फॉर्मकडे बघत.

"डाक आणायचं काम गुणाजीचं. मी पोस्टवर असायला हवा होतो. हवालदाराच्या हातापाया पडून गाडीत बसलो, आरती ऐकायची म्हणून. बूथवर ही रांग. गुणाजी म्हणाला, चंदर, उशीर होईल, धुकं उतरेल, जाऊया. मी म्हटलं, नाही, ऐकूनच जायचं. दीड तास त्याला उभा केला मी. आरती ऐकली, निघालो, आणि अर्ध्या वाटेवर धुक्याने गाठलं. मी बाहेर फेकला गेलो. त्याच्यापर्यंत खाली गेलो तेव्हा... मग वर आलो. फरफटत पोस्ट गाठली आणि वर्दी दिली की गाडी खाली दिसली."

"पण का?" दीप्तीने विचारलं. "खरं का नाही सांगितलंत?"

"चौकशी झाली असती. गाडी दीड तास कुठे होती? फोनच्या रांगेत. कुणाला विचारून? तो मेलेला, दोष त्याच्या डोक्यावर बसला असता. ड्यूटीवर गेला असं लागलं नसतं, तर हिला पेन्शन मिळाली नसती. नऊ महिन्यांचं पोर होतं. माझ्या हट्टापायी तिचं कुंकू गेलं, आता भाकरीही घालवू?" त्याने खुब्यावर हात ठेवला. "म्हणून हे गाडीतलं नाही. झाडावरचं. रेकॉर्डलाही तेच लावून घेतलं. आता ह्या रकान्यात खरं लिहिलं तर जुनी फाइल उघडेल. पायासाठी मी ते करणार नाही, दीप्ती. तू रुसलीस तरी चालेल."

दीप्ती रुसली नाही. तिने नाक ओढलं आणि आत्याच्या जवळ सरकून बसली. सर्वेश उठून खिडकीपाशी गेला होता आणि खाली कुणाची तरी गाडी काढली जात होती ती लक्ष देऊन बघत होता.

"झालं बोलून?" जानकीने विचारलं. "आता माझं ऐक. पेन्शनच्या भाकरीवर हा वाढला, खरं. पण आता तो कमावता आहे आणि मीही लुळीपांगळी नाही. न्यायची तर नेऊ देत त्यांना."

"आत्या, मी सुभेदार साहेबांना विचारते आधी. तुझ्या पेन्शनला धक्का लागतो का ते."

"विचार. पण त्यांचं उत्तर येईपर्यंत हा रकाना रिकामा राहणार नाही. आणि हट्ट कुणाचा म्हणतोस चंदर? पत्र कुणी लिहिलं होतं? बाराला फोन करा, असं कुणी लिहिलं होतं? अठ्ठावीस वर्षं मीही एक ओझं वाहतेय. तुझं तेवढं ओझं आणि माझा काय कापूस?"

चंद्रप्रकाशने मान वर केली. हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्याने बहिणीच्या हातावर हात ठेवला, आणि रुक्मिणीला एकदम वाटलं की ही दोघं आता पेरूच्या झाडाखाली आहेत आणि आपण तिथे उगाच उभ्या आहोत. ती उठायला लागली. जानकीने तिला पदर धरून खाली बसवलं.

"बस गो. तू खंय चललंस? तुझोच पाय असा तो, चोळून चोळून."

मग ती भावाला म्हणाली, "पेन्शन जाऊ दे. तू लपवलंस त्यात माझं एकच नुकसान झालं. तू तिथे नव्हतास असं सांगितलंस, म्हणून मला तुला काही विचारता आलं नाही. बाकी कुणाला विचारू? त्याच्याजवळ दुसरं कोण होतं?" तिने श्वास घेतला. "त्याका खूप त्रास झालो रे?"

"नाय," चंद्रप्रकाश म्हणाला. "मी गेलंय तेव्हा संपला होता. चेहरो तसोच होतो. मी त्याचा डोक्या मांडयेर घेतलंय आणि बसलंय थोडो वेळ."

"आणि त्याच्या आधी?"

"आधी हसत होता. सबंध वाटभर हसत होता." चंद्रप्रकाशने खिडकीकडे पाहिलं. "सर्वेश, आरती चालू असताना तू आईच्या कडेवर होतास. झांज वाजली की भोकाड पसरायचास. गुणाजीने फोन माझ्याकडून हिसकावला तो त्यासाठी. म्हणाला, आरती तू म्हण, मला पोराचं रडणं ऐकू दे. गाडीत मला दहा वेळा करून दाखवलं, तू कसा रडलास ते. म्हणाला, आवाज बघ चंदर, हा पलटणीला कवायत देणार."

सर्वेश खिडकीतून वळला नाही. त्याची पाठ हलत होती. वडिलांना त्याने फक्त फोटोत पाहिलं होतं. आपल्या बाबतीत काही एक त्यांनी ऐकलं आहे, त्यावर हसले आहेत, हे त्याला अठ्ठावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? सांगणारा झाडावरून पडला होता.

"शेवटचं काय बोलले ते?" त्याने तसंच पाठमोरं विचारलं.

चंद्रप्रकाशने पाण्याचा तांब्या बाजूला सारला.

"घाटात दरीकडचं वळण आलं की तो मला म्हणायचा, डोळे मीट रे चंदर. दर वेळी. मला खाली बघवायचं नाही, म्हणून. त्या वळणावरही म्हणाला. मी मिटले. मला वाटलं नेहमीचंच म्हणतोय. त्याला पुढचं दिसलं होतं की नाही, मला माहीत नाही. पण हाताखालची गाडी सुटायच्या आधी त्याने मला डोळे मिटायला सांगितलं. तेच शेवटचं."

जानकी रडली. मोठ्याने, घाटकोपरपर्यंत ऐकू जाईल असं, आणि कुणी तिला उगी केलं नाही. गुणाजी गेले त्या दिवशी तिला रडायला वेळ नव्हता. घरात गणपती होता, सुतक लागलं म्हणून शेजाऱ्यांनी तो उचलून विसर्जन केला होता आणि पोर कडेवर भुकेलं होतं. रुक्मिणीने तिला जवळ घेतलं आणि स्वतःही रडून घेतलं, सव्वीस वर्षांचं.

चहा झाल्यावर चंद्रप्रकाशने स्वतःच पेन मागितलं. गेटवरच्या वहीत लिहायचा तसं सावकाश, एकेक अक्षर सुटं. तारीख. जागा. गाडी कोण चालवत होतं. उशीर कुणामुळे झाला, तेही त्याने लिहिलं. रकाना पुरला नाही, दीप्तीने मागे कोरा कागद जोडला. साक्षीदाराच्या जागी जानकीने नाव लिहिलं. "प्रत्यक्ष पाहिले काय?" असं छापलं होतं. तिने विचार केला आणि लिहिलं, "ऐकले."

"होईल ना गं काम?" रुक्मिणीने लेकीला विचारलं.

"माहीत नाही, आई. बोर्ड बसेल, तपासतील. पण उद्या मी बाबांना कार्यालयात घेऊन जाते."

निघताना सर्वेश मामाच्या पाया पडायला वाकला तो दुखऱ्या पायापाशीच बसून राहिला, आणि चंद्रप्रकाशने त्याच्या केसांवर हात ठेवून, "ऊठ, कवायत द्यायची आहे अजून," म्हटलं.

सगळी गेल्यावर रुक्मिणी तेलाची बाटली घेऊन आली.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला सांगितलं असतं तर आणखी एक माणूस गप्प बसलं असतं."

ह्यावर भांडण उकरून काढायचं तिने पक्कं ठरवलं होतं, पण पाय हातात आल्यावर ते उद्यावर ढकललं.

"दहा दिवसांनी गावाला जाऊ ना," ती म्हणाली, "तेव्हा त्या जांभळीला आधी नारळ देणार आहे मी. बिचारीला किती वर्षं शिव्या घातल्या."

तिने वर पाहिलं. त्याने डोळे मिटून घेतले होते.